आमच्या गल्ल्या, आमच्या कॉलन्या
(सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

हातातलं काम सोडून बसा, असं आम्ही म्हणणार नाही. आम्हीसुद्धा रेडिओ ऐकतो तो भाकरी थापता थापता, शिलाई मशीनवर बसून, नाहीतर नळाला पाणी यायची वाट बघत. तेव्हा काम चालू द्या आणि कान इकडं द्या.

आज बोलायचंय रस्त्यांविषयी. समृद्धी महामार्गाविषयी नाही, त्याच्याविषयी पेपरात पुष्कळ येतं. ज्या रस्त्यावर आपलं दार उघडतं, जिथं आपण रांगोळी काढतो, जिथं आपली लेकरं पहिल्यांदा पडतात आणि उठतात, त्या रस्त्याविषयी. गल्ली म्हणा, बोळ म्हणा, मोहल्ला म्हणा, नगर म्हणा, कॉलनी म्हणा. पुरुषमाणसं त्या रस्त्यावरून सकाळी जातात आणि संध्याकाळी येतात. आपण त्या रस्त्यावर दिवसभर राहतो. म्हणून त्याच्याविषयी बोलायचा हक्क आपला जास्त.

आता ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगतो. आम्ही जालना शहरात राहणाऱ्या काही जणी. कुणी जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या मंदिराच्या आसपास राहते, कुणी नव्या जालन्यात काद्राबादेत, कुणी अंबड चौफुलीच्या पुढं नव्या वसलेल्या कॉलनीत, आणि दोघी चंदनझिऱ्यात. माहेरं कुणाची मंठ्याकडं, कुणाची घनसावंगीकडं, एकीचं देऊळगाव राजाला. बचत गटाच्या निमित्तानं महिन्यातून दोनदा भेटतो. हिशेब झाला की गप्पा सुरू होतात, आणि गप्पा फिरून फिरून नाली, नळ, दिवा आणि शेजार याच्यावरच येतात. मग एकदा ठरवलं, की नुसतं बोलण्यापेक्षा एकमेकींच्या गल्ल्या पायी फिरून बघू. उन्हाळ्यात सुरुवात केली ती दिवाळीपर्यंत फिरत होतो. त्यात जे दिसलं ते आज सांगतो.

पहिला प्रश्न कुणीही विचारील, की जालना काय मोठं शहर आहे का? पुण्या-मुंबईची माणसं हसतील. पण २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजार होती, आणि त्याला आता किती वर्षं झाली ते बघा. १ मे १९८१ ला आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून कचेऱ्या आल्या, कॉलेजं वाढली. बियाण्यांच्या कंपन्या आणि लोखंडाचे कारखाने आहेतच. २०२३ साली इथं महानगरपालिका झाली, त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला मुंबईची वंदे भारत गाडी सुरू झाली. आणि खरं सांगायचं तर, मंठा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या पोरीला जालना हेच मोठं शहर असतं. माहेरी गेलं की लोक म्हणतात, “शहरातली आली.” शहर किती मोठं ते नकाशा बघून कळत नाही. शेजारणीचं नाव कळायला किती दिवस लागतात, त्यावरून कळतं.

जालना एक नाही, दोन आहेत, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. मधून कुंडलिका वाहते. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला काद्राबाद, सदर बाजार, म्हणजे नवा जालना. ‘नवा’ म्हणतो खरं, पण तोही शेकडो वर्षं जुना. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात आहे. व्यापाराचं गाव, कापसाचं गाव. १९०० च्या सुमाराला मनमाडकडून निजामाची रेल्वे आली आणि व्यापार आणखी वाढला. त्या व्यापाराच्या खुणा अजून गल्ल्यांमध्ये दिसतात. दगडी जोती, सागवानी दारं, दाराच्या दोन्ही बाजूला दिव्याचे कोनाडे, वर माळवद. आता माळवदं फार राहिली नाहीत, बहुतेक ठिकाणी स्लॅब पडला. पण जोतं तेच आहे आणि जोत्याला लागून ओटा आहे.

या ओट्याविषयी थोडं थांबून बोलू.

जुन्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून रिक्षा आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. कुणाच्याही. त्याला परवानगी लागत नाही. दुपारी दोन ते चार या वेळात गल्ली बायकांची असते. डाळ निवडायची, शेवया वळायच्या, पापड वाळत घालायचे, नातवाला मांडीवर घेऊन ऊन खायचं, सगळं ओट्यावर. बोहारीण येते तीही ओट्यावरच बसते. भाजीवाली मावशी टोपली उतरवते ती ओट्यावर, आणि पाणी मागते. एका ओट्यावरची बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते, तिला फोन लागत नाही.

पण म्हणून ओट्याचे नुसतेच गोडवे गायचे नाहीत. आमच्यातल्या एकीनं फिरता फिरताच सांगितलं, “लग्न होऊन आले तेव्हा सहा वर्षं मी त्या ओट्यावर बसले नाही. सासरे बसायचे. मी उंबऱ्याच्या आत.” दुसरी म्हणाली, “ओटा बघतो तसा ओटा टोकतो पण. कुठं चाललीस, इतक्या उशिरा का, कुणाच्या गाडीवर बसून आलीस, सगळा जाब तिथंच.” आणि कुणाच्या ओट्यावर कुणी टेकायचं आणि कुणी खाली उभं राहूनच बोलायचं, याचे नियम आपल्या गल्ल्यांत होते. काही ठिकाणी अजून आहेत. नावं घेत नाही, पण ऐकणाऱ्या ओळखतील. तेव्हा जुनी गल्ली म्हणजे माया आणि पहारा, दोन्ही एकाच दगडावर बसलेले.

म्हणूनच ज्या सुना पुढं नव्या कॉलनीत राहायला गेल्या, त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ते आम्हाला समजतं. अंबड रोडला, मंठा रोडला, भोकरदनकडं जाताना, जिथं पूर्वी तूर-कापूस होता तिथं आता प्लॉट आहेत. प्रत्येक घराला कंपाउंड, लोखंडी गेट, आत तुळस, पोर्चमध्ये गाडी. दार लावलं की आपण आणि आपलं घर. कुणी विचारणारं नाही, डोक्यावर पदर आहे का नाही बघणारं नाही.

पण तिथं वेगळीच रड. रस्ता नकाशात तीस फुटी आहे, जमिनीवर काळी माती आहे. आपल्याकडची काळी माती कशी असते ते कुणाला सांगायला पाहिजे? उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात लोणी. जून ते सप्टेंबर चप्पल हातात घेऊन पक्क्या सडकेपर्यंत जायचं आणि तिथं नळकोंडाळ्यावर पाय धुवायचे. शाळेत जाणाऱ्या पोरींच्या दप्तरात एक जुनं फडकं असतं, ते कशासाठी तर पाय पुसायला. आणि शेजार? आमच्यातली जी तिथं राहते ती सांगते, “चार महिने मला समोरच्या वहिनींचं नाव माहीत नव्हतं. त्यांच्या गेटवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी. कुत्रा नव्हताच. पाटी बघूनच मी गेले नाही.” मग ओळख झाली कशी? टँकर आला तेव्हा. दोघी आपापले पाइप घेऊन बाहेर आल्या, आणि एकीचा पाइप आखूड पडला.

पाणी हा आपल्या शहराच्या रस्त्यांचा खरा मालक आहे, असं आम्हाला फिरताना वाटलं. कोणत्या वेळी रस्त्यावर कोण दिसणार, हे पाणी ठरवतं. जुन्या गॅझेटिअरमध्ये वाचायला मिळतं, की जमशेदखानानं मोती तलाव बांधला आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत पाणी आणलं. निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. त्याला आता संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात. तिथलं पाणी वीज न वापरता, नुसत्या उतारानं नव्या जालन्यात यायचं. पुढं गाव वाढलं, गाळ साचला, पाऊस हुकला. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो ना? घागरी घेऊन रात्र रात्र रस्त्यावर काढलेली आहे आपण. त्या सुमाराला गावातल्या लोकांनी वर्गणी करून, राबून घाणेवाडीतला गाळ काढला. मग पैठणहून जायकवाडीचं पाणी पाइपानं आलं. तरी रोज नळ येतो असं आमच्यातली एकही म्हणू शकत नाही. आठवडा, कधी दहा दिवस. म्हणून आपल्या गल्ल्यांत प्रत्येक दारापुढं निळे, काळे पिंप उभे आहेत. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा आला की त्याला तेच दिसतं. आधी पिंप, मग माणूस.

नळ रात्री दोनला आला तर दोनला गल्ली जागी. त्या वेळी सगळ्या जणी बाहेर असतात. गाऊनवर ओढणी, हातात पाइप, मोटारींचा आवाज. भांडणं तिथं होतात, आणि आजारी शेजारणीचा हंडा न सांगता भरून ठेवलेलाही तिथंच दिसतो. काद्राबादेतल्या आमच्या मैत्रिणीच्या गल्लीत एक आपा आहेत, गुडघे गेलेले. त्यांचं पिंप कधी रिकामं राहिलेलं नाही. कोण भरतं विचारलं तर कुणी नाव सांगत नाही. “ज्याचा पाइप पोचेल तो,” एवढंच.

चंदनझिऱ्याकडचे रस्ते आणखी वेगळे. तिकडं एमआयडीसी, लोखंड वितळवण्याचे कारखाने. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं, आणि आपल्याच जिल्ह्यातली शेत सुटलेली कुटुंबंही. एका ओळीत दहा-दहा खोल्या, एका खोलीत एक संसार. तिथं रस्ता म्हणजे घराचाच पुढचा भाग. चूल बाहेर, न्हाणी बाहेर, लेकराचा अभ्यासही बाहेर, दिव्याच्या खांबाखाली. कारखान्यातली रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा खोलीत झोपतो, म्हणून बाई आणि लेकरं दिवसभर रस्त्यावर. वाळत घातलेल्या धुण्यावर काळी भुकटी बसते, ती झटकून मग घडी घालायची. आमच्या दोघी तिथल्या आहेत. त्या म्हणतात, “आमच्या ओळीत मराठी, हिंदी, भोजपुरी सगळं चालतं. एकीला दिवस गेले तर दवाखान्यात कोण नेणार, याचा विचार करावा लागत नाही. पण भाडेकरू म्हणून आमचं नाव कुठंच नाही. रस्ता मागायला गेलं तर विचारतात, तुमचं घर कोणतं?” हा प्रश्न आम्ही लक्षात ठेवला. त्याच्याकडं नंतर येतो.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे भाषण करतोय, ती सांगतो. जुन्या जालन्यातली एक गल्ली. नाव सांगत नाही. आमच्यातल्या दोघी तिथं राहतात. पूर्वी फरशी होती, मग डांबर आलं, मग सिमेंट, मग सिमेंटवर सिमेंट. दर वेळी जुनं न खोदता वरून नवा थर. दर वेळी रस्ता वीतभर वर. पंधरा-वीस वर्षांत काय झालं? ज्या ओट्यावर दोन पायऱ्या चढून जायचं, तो ओटा रस्त्याच्या बरोबरीला आला. काही घरांचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला. आता पाऊस आला की नालीचं पाणी दारातून आत. लोकांनी दारात विटांचा बांध घातला. म्हणजे घरात जायला आधी बांध ओलांडायचा, मग खाली उतरायचं. म्हाताऱ्या माणसांची पंचाईत. त्या गल्लीतल्या एक आजी त्या बांधाला अडखळून पडल्या, मनगट मोडलं.

मग पुन्हा नवीन रस्ता मंजूर झाल्याचं कळलं. मापं घ्यायला माणसं आली आणि नालीसाठी ओट्यांवर लाल खुणा करून गेली. गल्लीत दोन तट पडले. तरुण पोरं म्हणाली, ओटे जाऊ द्या, गाडी तरी दारापर्यंत येईल. ॲम्ब्युलन्स येत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्याच वर्षी एका काकांना बाजेवर घालून चौकापर्यंत न्यावं लागलं होतं. म्हाताऱ्या म्हणाल्या, ओटा गेला तर आम्ही बसायचं कुठं? कॉटवर, भिंतीकडं तोंड करून? आणि सुनांपैकी एक हळूच म्हणाली, “मला आता कुठं ओट्यावर बसायला मिळायला लागलंय, तर तो चाललाय.”

त्या गल्लीतल्या बायका एका दुपारी बसल्या. भांडण नाही केलं, यादी केली. काय पाहिजे ते तीन ओळींत लिहिलं. एक, आधीचा थर खरवडून काढा आणि मगच नवा घाला, रस्त्याची उंची उंबऱ्याच्या खालीच राहिली पाहिजे. दोन, नाली झाकलेली करा, म्हणजे तिच्यावरूनच चालता येईल आणि रस्ता तेवढा रुंद होईल. तीन, ज्या ओट्याला हात लावावाच लागेल, त्या घराला आधी सांगा आणि तेवढी पायरी बांधून द्या. खाली सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे दिले. अर्ज दोन प्रतींत नेला आणि एका प्रतीवर पोच घेतली. पोच घ्यायची हे त्यांना बचत गटानं शिकवलं होतं, बँकेच्या कागदांमुळं.

निकाल काय? पूर्ण मनासारखा झाला असं सांगितलं तर खोटं होईल. निम्म्या गल्लीत थर खोदला, रस्ता खाली गेला, यंदा तिथल्या घरांत पाणी शिरलं नाही. उरलेल्या निम्म्यात काम थांबलेलं आहे. एका बाजूचे पाच ओटे गेले. दुसऱ्या बाजूचे राहिले. ज्या आजींचं मनगट मोडलं त्यांचा ओटा गेला. आता त्या दुपारी समोरच्या घराच्या ओट्यावर येऊन बसतात. त्या घराशी त्यांचं सांडपाण्यावरून वीस वर्षं बोलणं नव्हतं. अजूनही फार बोलत नाहीत, पण बसतात.

ओट्याला एवढं का धरून बसायचं, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर आम्हाला रात्री फिरताना मिळालं. संध्याकाळी आठला क्लासवरून परत येणाऱ्या पोरींना आम्ही विचारलं, घरी कोणत्या रस्त्यानं जाता? बहुतेक जणींनी जवळचा रस्ता सांगितला नाही, लांबचा सांगितला. का? तर जवळच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नुसत्या कंपाउंडच्या भिंती आहेत, आणि दिवा आहे पण तो झाडाच्या फांदीत आहे. लांबच्या रस्त्यावर पिठाची गिरणी आहे, किराणा दुकान आहे, ओट्यावर दोन म्हाताऱ्या आहेत. “तिथं कुणीतरी असतं,” पोरी म्हणाल्या. अमेरिकेत जेन जेकब्ज नावाच्या एका बाईनं १९६१ साली शहरांवर मोठं पुस्तक लिहिलं. न्यूयॉर्कच्या आपल्या गल्लीकडं बघून तिनं हेच मांडलं, की रस्ता सुरक्षित राहतो तो तिथं राहणाऱ्यांचं आणि दुकानदारांचं त्याच्यावर लक्ष असतं म्हणून. आपल्या आज्यांना हे पुस्तक न वाचता माहीत होतं. फक्त आता एवढं पाहिजे, की बघणारे डोळे पोरीला सांभाळायला असावेत, तिचा हिशेब ठेवायला नव्हे. ते डोळे म्हणजे आपणच. तेव्हा ते बदलणं आपल्या हातात आहे.

दुसऱ्या शहरांत काय असतं, तेही थोडं सांगतो, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींची मुलं बाहेर आहेत. छत्रपती संभाजीनगरला सिडकोत गेलं तर पत्ता अक्षरांत आणि आकड्यांत, एन-दोन, एन-नऊ. रस्ते सरळ, एकासारखा एक. पहिल्या खेपेला आपण चुकतोच. पुण्यात जुन्या पेठांची नावं वारांची, सोमवार ते रविवार, आणि तिथले वाडे पाडून इमारती झाल्यात. पण मुलं राहतात ती पेठांत नाही, तर लांब कडेच्या सोसायट्यांत. तिथं गेटवर वही असते. नाव लिहा, कुणाकडं जायचं लिहा, वेळ लिहा. आमच्यातली एक म्हणते, “लेकीच्या घरी जाताना सही करावी लागते, हे मला पहिल्यांदा लागलं मनाला.” आतला रस्ता आरशासारखा स्वच्छ, झाडं, बाकं, सगळं. संध्याकाळी बाकावर आजी-आजोबा बसलेले असतात. विचारलं तर कुणी जळगावचं, कुणी लातूरचं, कुणी आपल्या परतूरचं. सगळे मुलांकडं आलेले. आठ दिवसांत त्यांचा गट जमतो. म्हणजे ओटा नसला तरी माणूस ओटा शोधतो. बाक ठेवलं की ओटा तयार होतो. ही गोष्ट आपल्या कॉलन्यांनी घेण्यासारखी आहे. प्रत्येक ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. ती बहुतेक ठिकाणी गाजरगवतानं भरलेली आम्ही पाहिली. तिथं दोन बाकं आणि चार कडुलिंब एवढं जरी झालं, तरी पुष्कळ.

आता पाट्यांविषयी. फिरताना आम्ही दारावरच्या पाट्या वाचत होतो. घरांची नावं बघा, मातृछाया, आईची कृपा, मातोश्री, एखाद्या मुलीच्या नावानं ‘श्रेया निवास’. घराला नाव आईचं. पण खाली पाटी कुणाची? साहेबांची. आणि कागद कुणाचा? तोही साहेबांचाच, नाहीतर सासऱ्यांचा. चंदनझिऱ्यातल्या मैत्रिणीला विचारलेला प्रश्न, “तुमचं घर कोणतं”, तो खरं तर आपल्यापैकी बहुतेकींना विचारला तर उत्तर अवघड आहे.

म्हणून दोन उपयोगाच्या गोष्टी सांगतो, त्या लिहून ठेवा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या किंवा बायकांच्या नावानं खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार रुपये वाचतात. पूर्वी अट होती, की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. तेव्हा घरात नवीन खरेदीची गोष्ट निघाली, की हा विषय तुम्हीच काढा. दुसरी गोष्ट, घरपट्टीच्या पावतीवर नाव असलं म्हणजे घर आपल्या मालकीचं झालं असं नाही. मालकी खरेदीखतावरून ठरते. खरेदीखत कुठं ठेवलंय, त्याच्यावर कुणाचं नाव आहे, एवढं तरी प्रत्येकीला माहीत पाहिजे.

पाट्यांवरून गल्ल्यांची नावंही आली. जुन्या गावात धंद्यावरून, जातीवरून पडलेली नावं असतात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. चांगलंच झालं. शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना लेकराचा हात अडखळू नये. पण आमचं म्हणणं एवढंच, की नाव बदलल्यावर नळ, नाली आणि दिवाही बदलला पाहिजे. ‘समता’ नाव असलेल्या गल्लीत दिवा शेवटी येतो आणि कचरागाडी आधी निघून जाते, असं होऊ नये. नवं नाव खरं ठरतं ते अशा गोष्टींवरून.

तर मैत्रिणींनो, आमचं फिरणं संपलं, पण तुम्हाला एक काम देऊन जातो. तुमच्या रस्त्यावर एकदा दुपारी आणि एकदा रात्री, दोघी-तिघी मिळून चाला. पाच गोष्टी बघा. रस्ता उंबऱ्याच्या वर आहे का खाली. दिवा कुठं आहे आणि उजेड कुठं पडतो. नाली उघडी किती, झाकलेली किती. म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा आहे का. आणि झाडाच्या बुंध्याभोवती थोडी तरी माती मोकळी ठेवलीय, का सिमेंटनं गळा आवळलाय. जे दिसेल ते लिहा. तीन ओळींच्या वर लिहू नका, लांबलचक अर्ज कुणी वाचत नाही. सह्या करा, आणि पोच घ्या.

२०११ पासून आपल्या राज्यात महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती, सगळीकडं निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे तुमच्या प्रभागातून निवडून जाणाऱ्यांत बाई असणारच. तिच्याकडं जा. तिच्या नवऱ्याशी नाही, तिच्याशी बोला. ती दारात आली नाही तर थांबा, चहा मागा. ती आपल्यासारखीच कुठल्यातरी गल्लीत राहते, तिच्याही दारात पिंप आहे.

भाडेकरू असाल तरी जा. “तुमचं घर कोणतं” असं विचारलं तर सांगा, “या रस्त्यावर राहतो, हे आमचं घर.” एवढं उत्तर पुरे आहे.

त्या जुन्या जालन्यातल्या गल्लीचं उरलेलं काम पावसाळ्याआधी व्हावं म्हणून तिथल्या बायका पुढच्या मंगळवारी पुन्हा जाणार आहेत. मागच्या अर्जाची पोच पिशवीत आहे. आम्हीही त्यांच्याबरोबर जातोय. तुमच्या गल्लीचं काय झालं ते आमच्या रेडिओ केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर चिठ्ठी पाठवा. मोडक्या अक्षरात असली तरी चालेल, आम्ही वाचून दाखवू.